रोज विचारतो, ही कोण?

२४ नोव्हेंबर १९३६, मंगळवार. परतूर

शुद्धीवर आला! तीन दिवस खाटेवर ओंडक्यासारखा पडलेला माणूस आज सकाळी उठून बसला, पाणी मागितलं, आणि पाणी देणाऱ्या बाईकडे बघून म्हणाला, "ही कोन?"

ही म्हणजे त्याची बायको. चतुराबाई. सहा महिन्यांखाली लग्न झालेली. तीन दिवस दवाखान्याच्या ओट्यावरून हललेली नाही. तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

नाव कारभारी. वय अठ्ठावीस. कापसानं भरलेल्या गाडीवर चढून दोर आवळत होता. दोर तुटला, हा खाली, आणि खाली दगड. हाड मोडलेलं नाही. बोलणं साफ आहे. बैलांची नावं बराबर सांगितली. गावातल्या विहिरी एकामागून एक सांगितल्या — कोणतीचं पाणी गोडं, कोणतीचं मचूळ. मग म्हणाला, "दुर्गा कुठाय? तिला बोलवा."

दुर्गाबाई त्याची पहिली बायको. पटकीच्या साथीत गेली, त्याला दोन वर्षं झाली. त्याची आई साळूबाई शेजारीच बसलेली. तिनं सरळ सांगून टाकलं — "आरं, ती गेली की रे बाबा! तूच न्हाई का अग्नी दिला?"

असा रडला की बाहेर औषधाला थांबलेली माणसं आत डोकावून गेली.

पाव तासानं डोळे पुसले. इकडेतिकडे बघितलं. म्हणाला, "दुर्गा कुठाय?"

२५ नोव्हेंबर

आज पाच वेळा सांगितलं. पाच वेळा रडला. दर वेळी पहिल्यांदाच.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे, सत्तरीला टेकलेले, हळू बोलणारे. म्हणाले, "दिमाग हिल गया है मियाँ. पिछले दो बरस बह गए, और नया कुछ ठैरता नहीं. छेड़ो नक्को. देखते रहो, लिखते रहो." त्यांच्या रजिस्टरात उर्दूतून चार ओळी लिहायच्या. बाकीचं मी इथं लिहितो. इथं कोणाची सही लागत नाही.

मी परतूरला येऊन दीडच वर्ष झालं, म्हणजे त्याच्या डोक्यात मी कधी नव्हतोच. सकाळी विचारलं —

"तुमी कोन?"

"राधाकिसन. कंपौंडर."

"कुठले?"

"धावड्याचा."

"धनगर?"

"हो."

"मंग मेंढ्या सोडून बाटल्या कामून धुऊन राह्यले?"

हा प्रश्न माझा बाप वर्षातून एकदा विचारतो. हा रोज विचारणार असं दिसतं.

२८ नोव्हेंबर

कारभारीला घरी सोडलं. जखम रोज बांधून यायचं काम माझ्याकडे. घर कापूस बाजाराच्या मागं, दोन खोल्या आणि ओसरी.

एक फायदा सांगून टाकतो. माझ्याकडे एकच विनोद आहे. आमच्या गावच्या म्हाताऱ्याला औषधाची बाटली दिली, सांगितलं की हलवून प्यायचं. म्हातारा घरी गेला, छकडं जुंपलं, खडकाळ वाटेनं पळवलं आणि हलत हलत प्याला. माझ्या बायकोला, आसराला, हा विनोद सांगितला की ती उठून पाणी भरायला जाते. कारभारी मात्र पोट धरून हसला. काल हसला, परवा हसला, आज हसला. असा ऐकणारा जन्मात मिळाला नव्हता!

घरी आल्यावर आसराला सगळं सांगितलं. माणसाला स्वतःची बायको ओळखू येत नाही, केवढी नवलाची गोष्ट! ती म्हणाली, "त्याच्या तर डोक्याला मार लागला. तुमाला चार दिवसांपासून मीठ आना म्हणून राह्यले, तुमाला काय झालं?"

२ डिसेंबर, बुधवार

आता बस. रोज एका माणसाला पाच-सहा वेळा रंडका करायचं, हे माझ्यानं बघवेना. साळूबाईचाही आवाज आता दगडासारखा झालाय — "गेली", एवढंच म्हणते आणि तोंड फिरवते.

मी तोड काढली. दुर्गा माहेरी गेली म्हणून सांगायचं.

लगेच लागू पडली. "माहेरी? कधी येणार?" "दोन दिसांनी." "बरं." आणि भाकर खायला लागला! मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

निघताना चतुराबाई दाराशी आली. आजवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, "भाऊ, ती माहेरी गेली, मंग घरात मी कोन? काय सांगू?"

हे मी धरलंच नव्हतं.

माझं तोंड बघून तीच म्हणाली, "कामाला लावलेली बाई म्हणते. चालंल."

४ डिसेंबर

नवऱ्याचं नाव कारभारी, ही एक वेगळीच अडचण. गावात बाया नवऱ्याला नाव न घेता 'आमचे कारभारी' म्हणतात. हिला तेवढीही सोय नाही. ती नुसतं "आवं" म्हणते. तोही "बाई" म्हणतो. एका घरात राहतात, नाव कोणी कोणाचं घेत नाही.

९ डिसेंबर

ताप चढला म्हणून कोयनेल दिलं. कडू जहर! अर्धं माझ्या सदऱ्यावर थुंकला आणि मला माझ्या बापापर्यंत शिव्या दिल्या. जाऊ द्या, उद्या त्याला आठवणार नाही.

१० डिसेंबर, गुरुवार

बराबर लिहितो.

सकाळी गेलो. "तुमी कोन?" राधाकिसन. धावड्याचा. मेंढ्या सोडून बाटल्या. विनोद सांगितला, हसला. सगळं रोजच्यासारखं. मग चमचा पुढं केला, आणि त्यानं तोंड घट्ट मिटलं.

"घे."

"न्हाई."

"कामून?"

"म्हाईत न्हाई. तुमच्या हातचं नको वाटून राह्यलं."

"मी कधी काही वाईट दिलं का?"

"तुमी? तुमाला तर मी आजच बघून राह्यलो!"

चमच्यात नुसतं साखरेचं पाणी घालून दाखवलं. नाही! तोच चमचा साळूबाईच्या हातात दिला. मुकाट्यानं प्याला.

म्हणजे डोक्याच्या आत कुठंतरी काही राहिलं! कुठं राहिलं ते त्यालाही माहीत नाही. नाव गेलं, चेहरा गेला, काल गेला, आणि कडू तेवढं राहिलं. अख्ख्या परतुरात अपघातानंतर त्यानं शिकलेला एकच माणूस — मी. आणि शिकला तो असा!

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. चष्मा पुसत बसले. "याद एक कोठड़ी में नहीं रैती मियाँ. एक को ताला लगा तो दूसरी खुली होगी." मग म्हणाले, "अब उसकी दवा तुम मत पिलाओ." जशी काय मला हौस होती.

११ डिसेंबर

कडूची गोष्ट चतुराबाईला सांगितली. मला वाटलं, हसेल. ती भाकरी थापत होती, हात थांबले. म्हणाली, "कडू राहतं, मंग गोड बी राहील की, भाऊ."

एवढं मला का सुचलं नाही? मी इथं बसून माझ्या सदऱ्याचे डाग मोजत होतो.

१५ डिसेंबर

तिनं घरात कायदा काढलाय. त्याचं जेवण फक्त तिच्या हातचं. सासूनं नाही, शेजारणीनं नाही, कोणीच नाही. रोज एकाच वेळेला येणार, एकाच बाजूला बसणार, एकच वाक्य म्हणणार — "आले बगा." मग गरम भाकर, वर लोणी, शेवटी गुळाचा खडा. मग पायाला तेल.

तो रोज विचारतो, "बाई, तुमी कोन?" ती रोज सांगते, "कामाला लावलेली."

साळूबाई मला म्हणाली, "मला माय म्हणून वळखतो, पन भाकर माज्या हातची बंद! ही कोनती तऱ्हा?" पण आडवी आली नाही. बाईला कळतंय.

२० डिसेंबर

माणसाला काम नाही, नुसता बसून राहतो. बैलांपाशी पाठवावं तर परतायचं विसरतो. म्हणून घरून लोकर आणि टकळी घेऊन गेलो. माझ्या बापाचं आयुष्य त्या टकळीवर गेलं. म्हटलं, बघू, हात काही शिकतात का.

"हे धनगराचं काम. मला कसं येईल?"

आलंही नाही. सूत निघालं ते नाड्यासारखं जाड, हातभर निघून तुटलं.

२९ डिसेंबर

रोज तेच. "हे मला येत न्हाई. कधी हातात धरली न्हाई." आणि रोज कालच्यापेक्षा बारीक! आज तर सुईत ओवावं असं सूत निघालं. स्वतःच बघत राहिला. म्हणाला, "आयला, पहिल्याच दिवशी!"

दहावा दिवस होता.

मला हेवा वाटला. मी उर्दू शिकायला दोन वर्षं घासली, अजून डॉक्टरसाहेब माझं वाचून कपाळाला हात लावतात. आणि चुकलेला प्रत्येक दिवस मला आठवतो. ह्याला चुकलेलं एकही आठवत नाही, नुसतं जमलेलं हातात येतं. रोज सकाळी हा माणूस परतुरातला सगळ्यात हुशार असतो.

१ जानेवारी १९३७, शुक्रवार

आज जुम्मा, दवाखाना बंद. सकाळी मीठ आणायला निघालो आणि कुठं पोचलो? कारभारीच्या दारात! पायांनीच नेलं. साळूबाई म्हणाली, "आज बी आलात?" तसाच परत फिरलो, मीठ न घेता.

आसरानं काही म्हटलं नाही. फक्त म्हणाली, "डोळे मिटा." मिटले. "आज मी कोनतं लुगडं नेसले?"

हिरवं म्हणालो. मग निळं म्हणालो.

लाल होतं. दहा वर्षं झाली लग्नाला. माझं डोकं दगडावर आपटलेलं नाही, ही गोष्ट लपवून ठेवावी म्हणतो.

४ जानेवारी

तोच खेळ कारभारीशी खेळलो. दाराकडे पाठ करून सूत काढत होता. मागून साळूबाई गेली. "कोण गेलं?" "माय." शेजारची गेली. "म्हाईत न्हाई." मग चतुराबाई घागर घेऊन आली, पाय न वाजवता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला —

"ती आली."

"ती कोण?"

टकळी थांबली. फार विचार केला बिचाऱ्यानं. कपाळावर आठ्या.

"म्हाईत न्हाई. ती."

चतुराबाईनं घागर खाली ठेवली आणि आत निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

१४ जानेवारी. संक्रांत

बाया तिला वाणाला बोलवायला आल्या नाहीत. नवरा जिवंत आहे की नाही, हे त्यांचं ठरत नसावं. आसरा स्वतः उठून गेली, तिला कुंकू लावून, तीळगूळ देऊन आली. मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं. लिहितो.

चतुराबाईचा बाप भुजंगराव शहागडहून गाडी घेऊन आला. वाटेत दोन मुक्काम करून. गोदाकाठचा शेतकरी, मोठ्या आवाजाचा, पण आज आवाज बसलेला. ओसरीवर बसला. जावयाला म्हणाला, "राम राम."

कारभारी म्हणाला, "राम राम. तुमी कोन?"

"शहागडचा भुजंगराव."

"शहागडला कोनी नातं न्हाई आमचं. बसा, पानी घ्या."

भुजंगरावानं पाणी घेतलं, प्यायला नाही. साळूबाईला म्हणाला, "इहीनबाई, ऐकलं ते खरं निघालं. माजी लेक घरात मोलकरीण म्हणून राहून राह्यली. पंचांशी बोललो. काडीमोड द्या म्हणतात. वीस वरसाची हाय, तिचं पुढं दुसरं बघता येईल."

मला वाटलं, साळूबाई आता घर डोक्यावर घेणार. तिनं पदरानं तोंड पुसलं. "ने रे बाबा," म्हणाली. "माजा लेक गेला तो गेला. तुजी लेक कामून घालवू?"

चतुराबाई मधल्या दारात उभी. ती बापाकडे नाही, सासूकडे नाही — माझ्याकडे बघत होती.

"भाऊ, खरं सांगा. ह्ये सुधरतील का?"

रोज एका माणसाला तोंडावर खोटं सांगणारा मी. दुर्गा माहेरी गेलीय, दोन दिवसांनी येईल — दीड महिना हेच चाललंय, जीभ अडखळत नाही. तिला मात्र खोटं सांगता येईना.

"डॉक्टरसाहेब म्हणतात, बहुतेक नाही."

"आनि तुमी?"

"मला माहीत नाही, बाई."

तिनं मान हलवली. आत जाऊन गाठोडं बांधलं. निघताना कारभारीपाशी थांबली. तो सूत काढत होता. "जाते," म्हणाली. तो म्हणाला, "बरं बाई. जल्दी या."

गाडी गेली. तो गाडीकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "गाडी कोनाची होती?"

२३ जानेवारी

तिचं नावही काढलं नाही. काढणार कसं? डोक्यात असेल तर काढील ना! दीड महिना त्या पोरीनं लोणी, गूळ, तेल सगळं वाळूत ओतलं. माझंही चुकलं. एका कडू चमच्यावरून केवढी आशा लावून बसलो मी तिला!

२४ जानेवारी

जेवत नाही.

साळूबाईच्या हातचं नाही, शेजारणीच्या हातचं नाही. ताट समोर ठेवलं की दाराकडे बघतो. "भूक न्हाई का?" "हाय की." "मग जेव." "जेवतो. जरा थांबा." कशाला थांबायचं, सांगता येत नाही.

२५ जानेवारी, सोमवार

दुपारी साळूबाई धापा टाकत दवाखान्यात आली. कारभारी घरात नाही! मी हातातली बाटली टाकून पळालो. बाजार बघितला, स्टेशनची बाजू बघितली. शेवटी गावाबाहेर अंबडकडच्या वाटेवर सापडला. तीच वाट पुढं शहागडला जाते. गाडी त्याच वाटेनं गेली होती. रस्त्याकडेच्या दगडावर उन्हात बसलेला, पाय धुळीनं भरलेले.

"कारभारी, इथं काय करतोस?"

"बसलो."

"कोणाची वाट बघून राह्यलास?"

"वाट?" माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं. "वाट बघून राह्यलो व्हय मी?"

हाताला धरून आणला. साळूबाई मागून चालत होती. तो घरात गेल्यावर मला म्हणाली, "दुर्गा गेल्ती तवा बी हा असा बसला न्हवता."

२६ जानेवारी

कार्ड लिहू का नको? दिवसभर हेच. लिहिलं तर ती येईल. आली तर तिचं आयुष्य इथं, कामाला लावलेली म्हणून. नाही लिहिलं तर हा असाच वाळत जाणार.

आसराला म्हणालो, तिला सुखानं राहू द्यावं. आसरा लसूण सोलत होती. "तिचं सुख तुमी ठरवून राह्यले का? जे झालं ते लिव्हा. यायचं का न्हाई, ती बगंल."

लिहिलं. "वहिनी, तो तुम्हाला ओळखत नाही. तुमचं नावही घेत नाही. पण तुम्ही गेल्यापासून भाकरीचा तुकडा तोंडात घालत नाही, आणि गाडी गेली त्या वाटेवर जाऊन बसतो. मला याचा अर्थ सांगता येत नाही. तुम्ही या असं मी म्हणत नाही. — राधाकिसन."

मीठ आणलं.

१ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांनी दूध चमच्यानं पाजायला सांगितलंय. साळूबाई पाजते. अर्धं आत, अर्धं बाहेर. रस्त्यावर जायचं थांबत नाही. आता मीच दुपारी तिकडून घेऊन येतो. कार्डाचं उत्तर नाही.

८ फेब्रुवारी, सोमवार

आली!

बापाची गाडी नाही. शहागडहून अंबडपर्यंत कोणाच्या तरी गाडीत, पुढं बाजाराच्या गाड्यांबरोबर. पाय सुजलेले. बापानं अडवलं का, विचारलं नाही. अडवलंच असणार.

मी तिथंच होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलं ते लिहितो. कारभारी ओसरीवर घोंगडी टाकून बसलेला. ती पायऱ्या चढून आली, गाठोडं खाली ठेवलं. कारभारी घोंगडीवर एका बाजूला सरकला. तिची बाजू मोकळी केली. मग मान वर करून बघितलं आणि म्हणाला —

"बसा बाई. तुमी कोन?"

ती बसली. म्हणाली, "आले बगा."

"बरं झालं," तो म्हणाला. "लई भूक लागली."

तीन भाकरी खाल्ल्या!

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. "वळखलं न्हाई, भाऊ."

"पण सरकला ना, वहिनी. आधी सरकला, मग विचारलं."

"हं." वळून त्याच्याकडे बघितलं. "सरकले."

२० फेब्रुवारी

आज कारभारी माझ्यावर तापला. माझ्यावर नाही, चतुराबाईच्या नवऱ्यावर.

"ह्या बाईच्या गळ्यात मनी हायेत, कपाळाला कुंकू हाय. मंग हिचा नवरा कुठाय? कधी दिसत न्हाई! एवढ्या चांगल्या बाईला लोकाच्या घरी राबायला सोडलं! कसला मानूस हाय तो?"

"बरा माणूस आहे," मी म्हणालो.

"बरा? समोर आला तर दोन कानफटात देईन!"

चतुराबाई चुलीपाशी होती. पदर तोंडात कोंबून हसत होती. सबंध थंडीत तिला हसताना मी बघितलं नव्हतं.

५ मार्च, शुक्रवार

वाईट बातमी. विनोद सांगितला — म्हातारा, बाटली, छकडं. कारभारी हसला नाही. म्हणाला, "ऐकल्यासारखं वाटतं कुठंतरी."

डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर आनंदानं उठून उभे राहिले. मला आनंद झालाच. पण आता विनोद कोणाला सांगू? आसरा म्हणाली, "नवा शोधा."

१८ मार्च १९३७, गुरुवार

कारभारीनं आज मला ओसरीच्या कोपऱ्यात ओढून नेलं. आवाज बारीक करून म्हणाला, "तुमी कोन ते ध्यानात येत न्हाई, पन बरे दिसता. त्या बाईला एक इचारता का? नवऱ्याकडून काडीमोड घ्यायला तयार असंल तर माझ्याशी पाट लावील का?"

"आणि तुझी घरची?" मी म्हणालो.

मीच डोक्यावर पडलोय अशा नजरेनं बघितलं त्यानं माझ्याकडं. "दुर्गा? ती गेली की. लई दिस झाले."

डिसेंबरपासून कोणीही त्याला हे सांगितलेलं नाही. घरी येऊन ही वही पुढून मागून चाळली. 'दुर्गा कुठाय' हे त्यानं शेवटचं कधी विचारलं, कुठंच नाही. रोज लिहिणारा मी!

निरोप मात्र तिथंच, चुलीपाशी जाऊन सांगितला. काडीमोड, पाट, सगळं. चतुराबाईनं त्यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. एवढंच विचारलं —

"गेली म्हनले? सोताहून?"

"हो."

"मंग रडले का?"

"नाही."

थापलेली भाकर तळहातावर तशीच धरून ती म्हणाली, "म्हंजे त्यांचं रडून झालं, भाऊ."